ताब्याची तारीख वेगळी, टेम्पोची तारीख वेगळी

एका ताईंचा प्रश्न आहे. परळच्या चाळीतली भाड्याची खोली सोडून त्या बदलापूर पश्चिमेला, नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहायला चालल्यात. दोन बेडरूमचं घर, ताबा मेअखेर. मुलाची नवी शाळा १५ जूनच्या आसपास सुरू होणार आणि जुन्या खोलीचा करार ३० जूनला संपणार. घरात बहात्तर वर्षांच्या सासूबाई. ताईंनी जाण्याआधीच्या तयारीची यादी मागितलीय. शिवाय सासूबाईंचा जुना सागवानी पलंग न्यायचा की विकून टाकायचा, यावरून घरात वाद चाललाय, त्याचाही निकाल हवाय.

ताई, पडदे, गीझर, किल्ल्यांचा जुडगा वगैरेची यादी कोणीही देईल. तुमची खरी अडचण क्रमाची आहे. काय आधी करायचं, काय मुद्दाम लांबवायचं आणि घर रिकामं असतानाच काय उरकून घ्यायचं, एवढं ठरलं की यादी आपोआप तयार होते. मी चोवीस वर्षं बांधकामाच्या साइटवर काढली. त्यातली निम्मी डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात, आणि शेवटची काही वर्षं काम एकच: लोकांना घराचा ताबा देणं. म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मी बसायचो. आता लोकांबरोबर जाऊन घरं तपासून देतो.

त्या टेबलामागची एक गोष्ट सांगतो. ताबे सुरू असतात तोवर प्लंबर, फरशीवाला, रंगारी सगळे साइटवरच असतात. तुम्ही सकाळी तक्रार लिहून दिलीत तर संध्याकाळी माणूस वर येतो. शेवटची घरं दिली गेली की ही मंडळी दुसऱ्या साइटवर जातात आणि मग त्याच कामासाठी महिना महिना फोन करत बसावं लागतं. शिवाय रिकाम्या बाथरूमची गळती काढायला दोन दिवस लागत असतील, तर संसार मांडलेल्या घरात आठवडा जातो, आणि तोवर घरातल्यांनी आंघोळीला शेजारी जायचं. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की ताब्याच्या दिवशी टेम्पो आणू नका. मध्ये किमान दोन-तीन आठवडे ठेवा.

यावर लोक म्हणतात, हप्ताही भरायचा आणि भाडंही, परवडणार कसं? बरोबर आहे, प्रत्येकाला नाही परवडत. पण तुमचं जूनचं भाडं तसंही जाणारच आहे, तेव्हा हा महिना हातचा समजा.

त्याआधी एक खातरजमा मात्र करा. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, आलाय का? 'फर्निचरसाठी ताबा' म्हणून चावी देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. तो राहण्याचा ताबा नव्हे. प्रमाणपत्राची प्रत हातात घ्या आणि त्यावर तुमची विंग, तुमचा मजला आहे ना ते वाचा. कधी कधी प्रमाणपत्र अर्ध्याच इमारतीचं असतं. ते नसेल तर सुतारालाही आत घेऊ नका आणि परळची खोली तर मुळीच सोडू नका. असेल तरच पुढचं वाचा.

रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांना संरक्षण देणारा २०१६ चा कायदा आहे, त्याच्या कलम १४ नुसार ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कारागिरीत दोष निघाला आणि तुम्ही कळवलात, तर बिल्डरने तो ३० दिवसांत पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. कायदा चांगला आहे, पण भांडण कुठे होतं ते मला माहीत आहे, कारण आमच्या बाजूने मी ते भांडलोय. तुमच्या सुताराने भिंतीला भोकं पाडली, तुमच्या प्लंबरने सिंक हलवलं आणि मग गळती निघाली, की बिल्डरचा माणूस पहिलं वाक्य म्हणतो, 'हे तुमच्या कामामुळे झालं.' म्हणून तुमचा स्वतःचा कारागीर घरात शिरायच्या आधी तपासणी पूर्ण करा. जे सापडेल त्याचे फोटो काढा आणि तारखेसह ईमेलने पाठवा. तोंडी सांगितलेली तक्रार आमच्या वहीत कधीच नसायची, हेही कबूल करतो.

आता पाण्याकडे येतो. नव्या घराचा निम्मा आजार पाण्यात असतो.

पहिल्या दिवशी सगळ्या नळांच्या तोंडाच्या जाळ्या काढा आणि नळ पाच-दहा मिनिटं पूर्ण सोडा. पाइपात वाळू, सिमेंटचे कण, टेपचे तुकडे अडकलेले असतात. जाळी न काढता वापर सुरू केला तर आठवड्यात नळाची धार करंगळीएवढी होते आणि लोक दाब कमी आहे म्हणून सोसायटीशी भांडतात. वॉशिंग मशीन आणि गीझर हे झाल्यावरच जोडा. ते बारीक कण त्यांच्या व्हॉल्व्हमध्ये गेले की गॅरंटीवाला हात वर करतो.

मग नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीवरचं पाणी जायच्या जाळीखालचा वाडगा. फरशीवाला काम संपल्यावर बादली, थापी, पांढरं सिमेंट सगळं तिथेच धुतो. ते आत बसून दगड होतं. अंबरनाथच्या एका घरी वास्तुशांतीच्या दिवशी साठ माणसं जेवायला होती. भांडी घासायला सुरुवात झाली आणि ड्राय बाल्कनीतलं पाणी उलटं फिरून पॅसेजमध्ये आलं. गुरुजी सोवळ्यात, खाली पाणी. आदल्या आठवड्यात कुणी दोन बादल्या ओतून पाहिल्या असत्या तर हे कळलं असतं. तुम्ही प्रत्येक ट्रॅपमध्ये एकापाठोपाठ दोन बादल्या ओता. पाणी लगेच गेलं पाहिजे. रिकाम्या घरात ट्रॅपमधलं पाणी वाळतं, मग वास येतो, झुरळं येतात. टेम्पो येईपर्यंत दर चार दिवसांनी तांब्याभर पाणी टाकत जा, एवढाच उपाय.

तिसरी चाचणी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. बाथरूमचा ट्रॅप कापडाचा बोळा आणि प्लास्टिक लावून बंद करा, उंबऱ्याच्या खाली राहील इतकं, दीड-दोन इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची रेघ मारा आणि अठ्ठेचाळीस तास सोडून द्या. उन्हाळ्यात थोडं पाणी वाळेल, त्याला घाबरू नका. रेघेपासून पाणी किती उतरलं यापेक्षा सहाव्या मजल्यावरच्या घराचं छत काय सांगतं ते बघा. तिथे ओल किंवा थेंब दिसला तर वॉटरप्रूफिंग गेलं. खालच्यांना विचारून, ओळख करून घेऊन हे करा. शेजार सुरू करायचा हा काही वाईट मुहूर्त नाही. आणि आठव्या मजल्यावरच्यांनाही हीच चाचणी करायला सांगा, कारण त्यांच्या बाथरूमची तळजमीन म्हणजे तुमचं छत. त्या दोन दिवसांनंतर ट्रॅप उघडला की उताराकडेही लक्ष द्या. कोपऱ्यात पाणी साचून राहिलं तर उतार चुकलाय. हे नंतर कधीच सुधारत नाही, रोज खराट्याने पाणी लोटत बसावं लागतं, तेव्हा आत्ताच तीन-चार फरशा उचलून घ्या.

फरशीवर एक रुपयाचं नाणं वाजवत फिरा. भरीव आवाज आला तर ठीक, 'ठक' ऐवजी पोकळ 'टप' आला तिथे खडूने फुली मारा. कोपऱ्यातली एखादी पोकळ फरशी मी सोडून देतो, पण जिथे कपाटाचा किंवा पलंगाचा पाय येणार तिथली नाही.

खिडक्या. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने पाणी जायला बारीक भोकं असतात. ती सिमेंटने किंवा रंगाने बुजलेली असतात, दहातल्या सात घरांत मला तसंच दिसतं. खिळ्याने मोकळी करा, नाहीतर पट्टीत साचलेलं पाणी आत हॉलमध्ये येतं. बाकी खिडकीची खरी परीक्षा पाऊसच घेतो. बदलापूरचा पाऊस परळसारखा नसतो. डोंगर जवळ, नदी जवळ, तिथे तो दिवसदिवस झोडपतो आणि येतो तो मुख्यतः नैर्ऋत्येकडून. म्हणून जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात टेम्पो नका नेऊ, तुम्ही दोघं जा. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींना हात लावून बघा. ओल दिसली तर तिच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहा. पुढच्या पावसात डाग रेघेबाहेर गेला की तो बांधकामातला जुना ओलावा नाही, बाहेरून पाणी येतंय, हे सिद्ध करायला दुसरं काही लागत नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. मी स्वतः गिरगावातून डोंबिवलीला आलो तेव्हा इतरांना शिकवणारा मी, घाईत लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून मोकळा झालो. गणपतीत कपाट उघडलं तर मागच्या बाजूला बुरशी आणि बायकोच्या लग्नातल्या पैठणीवर काळे ठिपके. नवी भिंत पहिलं वर्षभर श्वास सोडत असते. कपाट तिच्यापासून चार बोटं लांब ठेवा, शक्य असेल तर आतल्या भिंतीलाच लावा. आणि महागडा रंग, वॉलपेपर हे पहिला पावसाळा काढल्याशिवाय करू नका. फर्निचरवाला आग्रह करेल, त्याचं ऐकू नका.

विजेचं थोडक्यात सांगतो. परळला तुमचं बिल बेस्टचं येत होतं, इथे महावितरण. मीटर तुमच्या नावावर झालाय का ते बघा आणि ताब्याच्या दिवशीच्या रीडिंगचा फोटो काढून ठेवा, आधीच्या कारागिरांनी जाळलेली वीज तुमच्या माथी यायला नको. बोर्डात शॉकपासून वाचवणारा जो ब्रेकर असतो, त्यावर 'टी' लिहिलेलं बटण दाबा. खटकन पडला पाहिजे. नाही पडला तर लगेच बदलून घ्या. आणि बाहेरचा एक वायरमन एका तासासाठी आणा. तो प्रत्येक सॉकेटमध्ये फेज आणि अर्थिंगमध्ये टेस्ट लॅम्प लावून बघेल. दिवा पूर्ण पेटला किंवा तो ब्रेकर खटकन पडला, तर अर्थिंग आहे. सॉकेटला तिसरं भोक असणं म्हणजे अर्थिंग असणं नव्हे, मागे तार जोडलेलीच नाही असं मी खूप वेळा पाहिलंय.

भिंती कशाच्या आहेत हेही विचारून ठेवा. मायवान पद्धतीची इमारत असेल तर भिंती सलग काँक्रीटच्या असतात. त्यात खिळा ठोकला तर वाकतो, हॅमर ड्रिलच लागतं, आणि नवीन वायरसाठी भिंत फोडायला मनाई असते, म्हणजे आहेत त्या पॉइंटवरच भागवायचं. हलक्या पांढऱ्या ब्लॉकच्या भिंती असतील तर उलट. खिळा लोण्यासारखा जातो आणि तसाच निघून येतो. तिथे गीझर, भांड्यांची मांडणी असं जड काही टांगायचं तर लांब अँकर किंवा आरपार बोल्ट हवा. चाळीत तुम्ही देवघर एका खिळ्यावर टांगत होता, ते इथे चालणार नाही.

इमारतीबद्दल तीन गोष्टी विचारा. पाणी किती वेळ येतं आणि टँकर किती लागतात? बदलापूर-अंबरनाथला महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं पाणी येतं, पण नवी इमारत बरेचदा बोअर आणि टँकर मिसळून भागवते. त्यामुळे ताब्याच्या दिवशी गेटवर उभा असलेला फिल्टरवाला म्हणेल ते मशीन घेऊ नका. पंधरा दिवस राहा, कोणतं पाणी येतं, किती जड आहे ते कळू दे, मग घ्या. तोवर उकळून प्या. दुसरं, टाक्या एकदा तरी धुतल्यात का? नव्या टाकीच्या तळाशी अर्धा फूट गाळ मी पाहिलाय.

तिसरा प्रश्न पश्चिमेला, म्हणजे नदीच्या बाजूला, घर घेणाऱ्याने विचारलाच पाहिजे. पंप, मीटररूम आणि जनरेटर कुठे आहेत? २६ जुलै २००५ तुम्हाला आठवत असेल. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली होती, तेव्हा हेंद्रेपाडा, रमेशवाडीसारख्या भागांत पाणी शिरलं. तुम्ही सातव्या मजल्यावर आहात, घरात पाणी येणार नाही. पण मीटररूम आणि पंप तळमजल्याला खड्ड्यात असतील तर वीज, लिफ्ट आणि नळ एकदम जातात आणि बहात्तर वर्षांच्या बाई वरच अडकतात. बिल्डरला विचारू नका, इमारतीजवळच्या जुन्या किराणावाल्याला विचारा की २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. त्यावरून गाडी कुठे लावायची आणि जुलैत घरात पिण्याच्या पाण्याचे दोन-तीन कॅन भरून ठेवायचे की नाही, तेही ठरेल.

प्रवासाचा सराव जाण्याआधी करा. सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर, जलद लोकलनेही दीड तासाच्या आसपास. परळला तुम्ही ऑफिसला चालत जात असाल, तर हा फरक कागदावर कळत नाही. मेमध्ये एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी पहाटे बदलापूरला जाऊन, सकाळच्या गर्दीत तिथून ऑफिसला या. रविवारी केलेला सराव म्हणजे काहीच नाही. बदलापूरहून सुटणारी गाडी आणि कर्जतहून भरून येणारी गाडी यातला फरक पायांना कळू दे. मुलाच्या शाळेतून त्याला संध्याकाळी कोण आणणार, हे त्याच दिवशी घड्याळ लावून ठरवा. माझ्या अनुभवात नव्या घरात गेल्यावर पहिलं भांडण फरशीवरून होत नाही, यावरून होतं.

कागदपत्रं मी भरभर सांगतो, कारण ती बसून करायची कामं आहेत. मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला मेमध्येच मागा, जूनमध्ये शाळेच्या कार्यालयात रांग असते. सिलिंडर असेल तर जुन्या एजन्सीत जा. ती बदली कशी करायची, सिलिंडर-रेग्युलेटर परत करून अनामत घ्यायची की नुसता बदलीचा कागद न्यायचा, ते सांगेल. परळला पाइपचा गॅस असेल तर तो बंद करून अनामत परत घ्या आणि नव्या इमारतीत तशी लाइन चालू झालीय का विचारा, नुसता पाइप दिसतो म्हणून गॅस येतो असं नसतं. मतदार यादीतला पत्ता बदलायला फॉर्म ८. आधार आणि बँक नंतर, बसल्या जागी. मुख्य दाराच्या कुलपाचा आतला सिलिंडर मात्र ताबा घेतला त्याच दिवशी बदला. तुमच्या घराची चावी दोन वर्षं किती हातांतून फिरली असेल, हे साइटवर काम केलेला माणूस म्हणून सांगतो.

वास्तुशांत करणारच असाल तर ती रिकाम्या घरात, पाण्याच्या चाचण्यांनंतर करा. होम थेट फरशीवर मांडू नका. आधी वाळूचा थर, त्यावर विटा, मग कुंड. नाहीतर हॉलच्या मधोमध फरशीला तडा जातो आणि तशी फरशी नंतर मिळत नाही. दूध उतू घालायला शेगडीची सोय बघून ठेवा. एकदा सगळे पाहुणे जमल्यावर लक्षात आलं होतं की गॅसच नाही, शेवटी शेजाऱ्यांचा इंडक्शन आणला.

आता तुमच्या तारखा. मेअखेर ताबा मिळाला की पहिल्या आठवड्यात पाणी, वीज, फरशी तपासून ईमेल पाठवा. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या माणसांकडून दुरुस्ती आणि मध्ये पहिला पाऊस. पण शाळा १५ जूनला, म्हणजे महिनाअखेरपर्यंत थांबता येणार नाही. अशा वेळी मी दोन फेऱ्या करायला सांगतो. पहिली फेरी छोट्या टेम्पोने, शाळेच्या दोन दिवस आधी: अंथरुणं, स्वयंपाकघर, मुलाचं दप्तर-गणवेश, औषधं, देव. कपाटं, शोकेस, माळ्यावरच्या पेट्या परळलाच राहू द्या. दोन आठवडे घरात राहून भिंती कुठे ओल धरतात, ऊन कुठून येतं, कुठे बसावंसं वाटतं हे कळतं, मग जूनच्या शेवटच्या आठवड्यात मोठी फेरी. दोन टेम्पोंचा खर्च जास्त पडतो, खरंय. पण चाळीतून निघणाऱ्या माणसाचं एक तृतीयांश सामान दुसऱ्या फेरीला लागतच नाही. तेवढ्या दिवसांत ते कुणाला देऊन टाकायचं हे शांतपणे ठरतं. टेम्पो ठरवण्याआधी सोसायटीला विचारा, सामान कोणत्या वेळेत वर नेऊ देतात आणि त्यासाठी लिफ्ट देतात का. काही ठिकाणी रविवारी बंदी असते.

राहिला पलंग. लिफ्टची आतली उंची आणि तिरकी लांबी टेपने मोजा. जुन्या सागवानी पलंगाच्या बाजूच्या पट्ट्या बहुतेक बोल्टने किंवा आकड्याने जोडलेल्या असतात. सुतार अर्ध्या तासात सोडवतो, प्रत्येक सांध्यावर खडूने आकडे घालून. पट्ट्या लिफ्टमध्ये तिरक्या बसल्या तर वादाचा प्रश्नच उरत नाही, आणि नाही बसल्या तर सात जिने चढवायची मजुरी विचारून मग बोला. माझं विचाराल तर न्या. आजींची चाळीतली गॅलरी सुटतेय, शेजारणी सुटतायत, सगळंच नवं झालं तर रात्री झोप लागत नाही, माझ्या आईचं तसं झालं होतं. पलंग पहिल्याच फेरीत घ्या, आणि खोलीत लावताना बाहेरच्या भिंतीला नको, हॉलकडच्या आतल्या भिंतीला लावा. दार उघडं ठेवलं की तिथून घरात कोण आलं-गेलं ते त्यांना दिसेल.